रेशमाचा रंग आणि विसरलेला रंगारी

श्रोतेहो, जुन्या शहरांतील गल्ल्यांचीं नांवें हा इतिहासाचा एक फार स्वस्त आणि विश्वासू ग्रंथ आहे. राजे बदलतात, राजधान्या बदलतात, शहराचें नांवही बदलतें. पण गल्लीचें नांव लोकांच्या तोंडीं टिकून राहतें. मी ज्या शहरांत राहतों त्याचीच गोष्ट घ्या. मलिक अंबरानें १६१० मध्यें तें वसविलें तेव्हां तें खडकी होतें. पुढें त्याचा मुलगा फतेहखान ह्याच्या नांवावरून तें फतेहनगर झालें. १६५३ मध्यें दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबानें त्याला औरंगाबाद म्हटलें. आणि २०२३ पासून सरकारी कागदोपत्रीं तें छत्रपती संभाजीनगर झालें आहे. ह्या उलथापालथींत कधींतरी पडलेलें, गुलमंडीजवळच्या एका गल्लीचें ‘रंगारगल्ली’ हें नांव मात्र अजून जसेंच्या तसें आहे. आज तेथें दुकानें आहेत आणि दिवसभर वर्दळ आहे. त्या वर्दळींतून जाणारा माणूस नांवाचा अर्थ विचारण्यास थांबत नाहीं.

ह्या शहराचा हिमरू आणि येथून पंचवीस कोसांच्या आंत असलेल्या पैठणची पैठणी हीं दोन वस्त्रें सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची कीर्ति सांगतांना आपण विणकराचें कौतुक करतों, जरीचा भाव सांगतों, तें वस्त्र नेसणाऱ्या राण्यांचीं व बेगमांचीं नांवें घेतों. परंतु पैठणी दुरून दिसते तेव्हां डोळ्यांत प्रथम काय भरतें? रंग. तो रंग ज्यानें चढविला त्याचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. आजच्या माझ्या भाषणाचा विषय हा रंगारी आहे. त्याच्याविषयीं ग्रंथांतून जें समजतें तें थोडें आहे. आणि एका स्नेह्याच्या घरीं चुलीवर रेशीम रंगवून पाहतांना जें समजलें तें ह्या थोड्यांत घालावें, एवढाच माझा हेतु आहे.

प्रथम ग्रंथांकडे वळूं. पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रंथांत ह्या नगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचें तेर, असें तो सांगतो. पुष्कळ लोक समजतात कीं पैठणच्या रेशमाची कीर्ति ह्या ग्रीकानेंच लिहून ठेविली आहे. वस्तुतः त्यानें पैठणहून बंदरावर येणारे गोमेद-अकीकासारखे दगड नमूद केले आहेत, आणि कापड नमूद केलें आहे तें तेरचें. पैठणचा अभिमान आपण जरूर बाळगावा; पण तो खऱ्या पुराव्यावर बाळगावा.

विणकरांचे पुरावे त्या मानानें बरे आहेत. नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखांत नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण कायमचे ठेवल्याची नोंद आहे. पहिल्या ठेवीचें व्याज दरमहा शेकडा एक आणि दुसरीचें पाऊण. म्हणजे विणकरांच्या श्रेणी ह्या त्या काळच्या पेढ्याच होत्या! माळव्यांतील मंदसोर येथें पांचव्या शतकाचा दुसरा एक लेख आहे. लाट देशांतून, म्हणजे दक्षिण गुजराथेंतून, तेथें जाऊन स्थायिक झालेल्या रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीनें इसवी सन ४३७ मध्यें सूर्यमंदिर बांधलें आणि ४७३ मध्यें त्याचा जीर्णोद्धार केला, ही हकीकत त्यांत आहे. आपल्या मालाची जाहिरात करण्यास ती श्रेणी विसरली नाहीं. आमचीं वस्त्रें अनेक रंगांचीं आणि डोळ्यांना सुखविणारीं आहेत, असें तिनें दगडावर कोरवून घेतलें आहे. ते अनेक रंग कोणाच्या हातचे होते, हें मात्र तो लेख सांगत नाहीं. कदाचित् विणकरच आपलें सूत रंगवीत असतील. कदाचित् रंगाऱ्यांचीं घरें वेगळीं असतील. लेख मुका आहे.

मंदसोरचा हा जीर्णोद्धार होत होता त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यांत अजिंठ्याच्या भिंती रंगत होत्या. तेथील चित्रांत पट्ट्यापट्ट्यांचीं, नक्षीचीं, झिरझिरीत अशीं किती तरी वस्त्रें आहेत. चित्रकारांनीं वापरलेले रंग गेरूचे, पिवळ्या मातीचे, हिरव्या दगडाचे, काजळीचे. आणि निळा रंग तर लाजवर्द दगडाचा, जो अफगाणिस्तानच्या बाजूनें येई. हे सारे रंग बहुतेक खनिज असल्यामुळें आज दीड हजार वर्षें टिकून राहिले आहेत. पण ज्या खऱ्या वस्त्रांकडे पाहून तीं चित्रें काढलीं त्यांचा एक धागाही उरलेला नाहीं. वनस्पतीचा रंग प्राण्याच्या वा झाडाच्या धाग्यावर चढतो आणि धाग्याबरोबर मातीस मिळतो. चित्रकाराची विद्या भिंतीवर राहिली, विणकराची दगडावर राहिली. रंगाऱ्याची मात्र पाण्यांत होती ती पाण्याबरोबर वाहून गेली.

मध्ययुगांत येऊं. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, आणली. त्या लोंढ्याबरोबर विणकर आले आणि बादशहा परतल्यावरही मागें राहिले, तेच हिमरूचे मूळ पुरुष, अशी परंपरा सांगतात. परंपरा बाजूस ठेवली तरी वस्त्र डोळ्यांसमोर आहे. हिमरूचा ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा. ह्या एका गोष्टींत रंगाऱ्याची मोठी अडचण दडलेली आहे. तिच्याकडे मी पुढें येणार आहें. पैठणीची तऱ्हा निराळी. तिचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला म्हणजे धूपछांव उमटते. वस्त्र हलवावें तसा रंग पालटतो. म्हणजे ह्या दोन्ही वस्त्रांत रंग चढतो तो विणण्यापूर्वीं, सुतावर. रंगाऱ्याचें काम संपल्यावर विणकराचें काम सुरू होतें.

पेशवाईंत पैठणच्या वस्त्राला दरबारी मान होता. माधवराव पेशव्यांनीं असावली नक्षीचे दुपट्टे मागविले तेव्हां लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंगही नमूद केले होते. ह्या नांवांकडे जरा लक्ष द्या. आपल्या भाषेंत रंगांचीं नांवें बहुतेक परसांतलीं, स्वयंपाकघरांतलीं आणि रानांतलीं आहेत. डाळिंबी, केशरी, जांभळा, वांगी, आमसुली, अबोली, मोतिया, श्रीखंडी, मोरपंखी, शेवाळी! काळ्या लुगड्याला चंद्रकळा, पोपटासारख्या हिरव्या पैठणीला राघू, पांढऱ्या शुभ्र वस्त्राला शिरोदक. हीं नांवें ज्यांनीं घडविलीं त्यांनीं रंगाकडे किती बारकाईनें पाहिलें असेल! माझी अशी समजूत आहे कीं, रंगाऱ्याचा जो इतिहास दगडावर आणि कागदावर सांपडत नाहीं तो थोडासा ह्या शब्दांत सांपडतो.

शब्दांखेरीज आणखी एक साधन आहे. तें म्हणजे प्रत्यक्ष कृति. माझे एक स्नेही आहेत. टपाल खात्यांतून ते सेवानिवृत्त झाले, मी शाळेंतून झालों. त्यांच्या घराण्यांत आजोबांपर्यंत रंगाऱ्याचा धंदा होता. धंदा गेला, पण तांब्याचें एक मोठें भांडें आणि वडिलांची थोरली बहीण एवढीं दोन माणिकें घरांत उरलीं. आत्याबाईंचें वय नव्वदीच्या घरांत. कान मंद, पण आठवण तल्लख. गेल्या पावसाळ्यांत स्नेही मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही इतिहास सांगता, मी ऐकतो. आता एकदा हात ओले करून बघू या.” त्याप्रमाणें आम्हीं पांढऱ्या रेशमाचे लहान तुकडे आणले, वजनकाटा घेतला, वही घेतली आणि आत्याबाईंना खुर्ची टाकून दिली.

रेशीम हा प्राणिज धागा. किड्यानें तो काढलेला असतो तेव्हां त्याच्यावर डिंकासारखा लेप असतो. तो लेप असेपर्यंत धागा कडक व निस्तेज दिसतो आणि रंगही नीट पीत नाहीं. म्हणून साबणाच्या कढत पाण्यांत तो काढून टाकतात. त्यांत वजन शेकडा वीस ते पंचवीस इतकें घटतें. आमचे तुकडे आधींच निखळलेले होते; तरी कोमट पाण्यानें आणि सौम्य साबणानें आम्हीं ते धुऊन घेतले. नंतर तुरटी. वीस ग्रॅम रेशमास तीन ग्रॅम तुरटी कोमट पाण्यांत विरघळवून त्यांत रेशीम रात्रभर ठेविलें. तुरटी ही रंगबंधक आहे. तिच्यांतील अॅल्युमिनियमचा अंश एका हातानें धागा धरतो आणि दुसऱ्या हातानें रंग धरतो. त्यामुळें पुढें पाण्यानें रंग सुटत नाहीं. ही उपपत्ति रसायनशास्त्राची. परंतु लोध्राच्या सालीनेंही रंग पक्का होतो हें आपल्या लोकांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. आणि त्या झाडाच्या अंगीं अॅल्युमिनियम सांठविण्याचा गुण आहे, हें शास्त्रानें पुष्कळ उशिरां दाखविलें. ज्याला धातूचें नांव ठाऊक नव्हतें त्याला तिचा उपयोग ठाऊक होता.

लाल रंगासाठीं काष्ठौषधींच्या दुकानांतून काडीलाख आणली. लाखेची पूड पाण्यांत भिजविली म्हणजे रंग पाण्यांत उतरतो आणि राळ खालीं राहते. पाणी कोमटच असावें लागतें. कढत केलें तर राळ मऊ होऊन रंगांत मिसळते आणि कापडाला चिकटते. हें सर्व ठीक चाललें असतां आत्याबाईंनीं विचारलें, “पाणी कुठलं घेतलं?” स्नेही म्हणाले, “एका भांड्यात बोअरचं, एकात पावसाचं.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग आधी दोन्ही जिभेवर घेऊन बघा. पाणी गोड, तर रंग गोड.”

दोन्ही भांडीं मंद आंचेवर तासभर ठेविलीं. रेशमाला उकळी सोसत नाहीं, त्याची झळाळी जाते. म्हणून पाणी वाफाळलेलें पण न उकळणारें ठेवावें लागतें. तासाभरानें पाहिलें तों पावसाच्या पाण्यांतला तुकडा स्वच्छ किरमिजी झालेला, आणि बोअरच्या पाण्यांतला मळकट जांभळट. रेशीम तेंच, तुरटी तीच, लाख तीच! आमच्या काळ्या दगडाच्या प्रदेशांत विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांतील चुन्याचा अंश लाखेच्या रंगाला निळसर बाजूस ओढतो. मग आत्याबाईंच्या सांगण्यावरून जांभळट भांड्यांत चिंचेचा कोळ गाळून घातला, आणि पाहतां पाहतां त्या रंगांत लाली परतूं लागली. आंबटानें चुन्याचा जोर मोडला.

एवढ्याशा प्रयोगानें मला एक जुना प्रश्न निराळ्या रीतीनें समजला. रंगाऱ्यांचा धंदा सहसा वाहत्या पाण्याच्या आधारानें कां राहिला? पैठण गोदावरीच्या कांठीं आहे. खडकी वसवितांना मलिक अंबरानें डोंगरांतलें पाणी मातीच्या नळांतून शहरांत आणलें, तें सर्वांच्याच उपयोगी पडलें असेल. पण ज्याच्या धंद्यांत पाणी हाच कच्चा माल, त्याला तें दुसऱ्यापेक्षां अधिक मोलाचें वाटलें असेल, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आपण इतिहासांत राजाच्या कृपेनें उद्योग भरभराटले असें लिहितों. राजाच्या कृपेबरोबर पाण्याचीही कृपा लागते.

दुसरा प्रयोग हिमरूच्या अडचणीचा. अर्धें सूत आणि अर्धें रेशीम असलेला तुकडा आम्हीं त्याच लाखेच्या पाण्यांत घातला. रेशीम गडद लाल झालें, सूत फिकें गुलाबी राहिलें. प्राणिज धागा हा रंग सहज धरतो. कापसाला तो धरविण्यास हिरड्यासारख्या कषाय पदार्थांची आणि अनेक पुटांची मदत लागते. म्हणजे हिमरूचा ताणा आणि बाणा एका भांड्यांत रंगवून चालत नाहीं. सुताची रीत वेगळी, रेशमाची वेगळी. दोन्ही येणारा माणूस म्हणजे दोन भाषा बोलणारा विद्वानच म्हणावयाचा.

निळीची तर तऱ्हाच आणखी निराळी. ती पाण्यांत विरघळत नाहीं. तिला आंबवून हिरवट-पिवळी करावी लागते. तींत बुडविलेला धागा बाहेर हवेंत काढला म्हणजे डोळ्यांदेखत निळा होतो. हें आंबवण दह्याच्या विरजणाप्रमाणें जिवंत ठेवावें लागे, म्हणून निळारी हा महाराष्ट्रांत रंगाऱ्याहून वेगळा धंदा झाला. शिवाय निळीच्या पाण्यांतील चुना-खार रेशमाला बाधतो, तेव्हां रेशीम तेथें फार वेळ ठेवतां येत नाहीं. हिरवा रंग पाहिजे तर निळीवर पिवळा चढवावा लागे. म्हणजे जेथें हे धंदे वेगळे होते तेथें राघू रंगाचें सूत दोन घरांचा उंबरठा ओलांडून विणकराकडे पोंचत असे. आपण मात्र श्रेय एकाच घराला देतों.

आणखी दोन प्रयोग थोडक्यांत सांगतों. डाळिंबाच्या सालीनें तुरटीवर सुंदर पिवळा रंग आला, आणि त्यांत चिमूटभर हिराकस पडतांच तो राखी-हिरवट झाला. आत्याबाईंनीं लगेच हात आडवा केला, “बास, जास्त हिराकस रेशीम खातो.” ह्या शब्दांची सत्यता स्नेह्यांच्या घरांतच होती. त्यांच्या आजीची जुनी काळी चंद्रकळा पेटींतून काढली तों तिचे लाल कांठ धड होते आणि अंगाचा काळा भाग मात्र हात लागतांच चुरत होता. लोखंड आणि कषाय ह्यांच्या योगानें केलेल्या काळ्या रंगाच्या रेशमाचें सर्वत्र असें होतें. जुनीं वस्त्रें सांभाळणारे संग्रहालयांतील लोकही हेंच सांगतात. दुसरा प्रयोग उन्हाचा. रंगविलेल्या तुकड्यांचा अर्धा भाग पुठ्ठ्यानें झांकून ते पंधरा दिवस खिडकींत ठेविले. हळदीचा पिवळा बहुतेक उडून गेला. डाळिंबाचा थोडा उतरला. लाखेचा जवळजवळ तसाच राहिला. पक्का रंग आणि कच्चा रंग हे शब्द आपण माणसांच्या स्वभावासही लावतों. त्यांचें मूळ अशा खिडकीशीं आहे.

आतां ह्या विद्येला ओहोटी कशी लागली तें पाहूं. त्याचें कारण लंडनमधील एका घरांत सांपडतें. १८५६ मध्यें विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी सुटींत आपल्या घरच्या प्रयोगशाळेंत हिंवतापावरील क्विनाइन कृत्रिम रीतीनें करूं पाहत होता. क्विनाइन झालें नाहीं. डांबरापासून काढलेल्या द्रव्यांतून एक जांभळा पदार्थ निघाला. त्यानें तो रेशमावर लावून पाहिला, तों रंग बसला. मग त्यानें आपला मित्र आर्थर चर्च आणि भाऊ थॉमस ह्यांच्या मदतीनें घरींच तो अधिक प्रमाणांत तयार केला, नमुने स्कॉटलंडमधील पर्थ येथील पुलर ह्या रंगकारखान्याकडे पाठविले आणि त्याच वर्षीं पेटंट घेतलें. श्रोतेहो, पहा हा योगायोग! कृत्रिम रंगांचा जो महापूर पुढें जगभर पसरला त्याचा उगम एका घरांत, दोघा मित्रांच्या खटपटींत, रेशमाच्या तुकड्यावर झाला.

पुढचीं पावलें भराभर पडलीं. मंजिष्ठाच्या मुळांतला लाल रंग देणारें अलिझारीन हें द्रव्य ग्रेबे आणि लीबरमान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८६८ मध्यें प्रयोगशाळेंत बनविलें. बायर ह्यानें १८८० मध्यें नीळ बनविली आणि १८९७ मध्यें जर्मन कारखान्यांची नीळ बाजारांत आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत हिंदुस्थानच्या निळीचा परदेशीं व्यापार कोसळला. १९१४ च्या महायुद्धांत जर्मन माल येईनासा झाला तेव्हां देशी निळीला पुन्हां थोडी किंमत आली. पण ती युद्धापुरतीच. डब्यांतली पूड स्वस्त होती, तिचा रंग एकसारखा येत होता, आणि आठवड्याचें काम तासांत होत होतें. आत्याबाईंच्या वडिलांनीं तेंच केलें. दुकानांत पुडीचे रंग ठेविले आणि जुनी रीत जुन्या गिऱ्हाइकांपुरती उरली. त्यांना दोष कोण देईल?

मी स्वतः ह्या बाबतींत एकांगी बोलूं इच्छीत नाहीं. आम्हीं एक तुकडा बाजारच्या पुडीनें, शिरका घालून, रंगवून पाहिला. अर्ध्या तासांत गडद व एकसारखा रंग आला आणि खिडकींतल्या उन्हांतही टिकला. शिवाय सृष्टींतले रंग तेवढे निर्मळ आणि कारखान्याचे तेवढे पापी, असेंही नाहीं. ज्या निळीच्या आठवणीनें आपण आज हळहळतों तिच्याच पायीं बिहारच्या शेतकऱ्यांनीं मळेवाल्यांचा जुलूम सोसला. १९१७ मध्यें गांधीजींना चंपारण्यांत जावें लागलें तें त्यासाठींच. उलट बाजूस, कृत्रिम रंगांपैकीं कांहीं अझो रंग प्रकृतीस घातक ठरल्यामुळें भारत सरकारला १९९७ मध्यें त्यांवर बंदी घालावी लागली. तात्पर्य, रंग कोणताही असो, तो जाणून वापरणारा माणूस पाहिजे. पुडीनें रंग दिला. पण पाणी चाखणारा, हिराकसाचें प्रमाण डोळ्यांनीं ओळखणारा आणि कोणतें रेशीम कोठें थांबवावें हें जाणणारा माणूस तिनें अनावश्यक केला. रंग बाजारांत मिळत राहिला, त्यामुळें ज्ञान गेलें हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं.

आणि हें ज्ञान कसें जातें तें मला ह्या एका वर्षांत जवळून पाहावयास मिळालें. आत्याबाईंकडून आम्हीं अकरा रंगांच्या कृति वहींत उतरून घेतल्या. बारावी राहिली, ती कुसुंबाची. कुसुंब म्हणजे आपली करडईच. मराठवाड्यांत तेलासाठीं ती पिढ्यान् पिढ्या पेरली जाते, पण तिच्या पाकळ्यांतच एके काळचा मानाचा लाल रंग आहे, हें आतां शेतकऱ्यांनाही ठाऊक नसतें. त्या पाकळ्यांत पिवळा आणि लाल असे दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यानें धुऊन टाकावयाचा. मग पापडखारासारख्या खारानें लाल सोडवून घ्यावयाचा. आणि शेवटीं लिंबू किंवा चिंच घालून तो रेशमावर बसवावयाचा. एवढें पुस्तकांत मिळतें. पण पाकळ्या किती वेळां धुवाव्या, खार किती झाला हें बोटांना कसें कळतें, आणि आंबट नेमकें कोणत्या क्षणीं घालावें, हें आत्याबाईंच्या हातांत होतें. आम्हीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “बोलून नाही यायचं ते. करडई फुलू द्या, मी करून दाखवते.” मार्गशीर्षांत त्या वारल्या. करडई पुढें महिन्याभरानें फुलली.

वहींतलें बारावें पान स्नेह्यांनीं कोरें ठेविलें आहे. त्यावर पुस्तकांतली कृति उतरून काढण्यास मी सुचविलें होतें. ते म्हणाले, “नको. ते पुस्तकात आहेच. हे पान आत्याचं आहे.” मला त्यांचें म्हणणें पटलें.

पैठणीला आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पैठण आणि येवलें येथें माग चालू आहेत, तरुण मुलीही विणण्यास शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. विणकराचें नांव वस्त्राबरोबर सांगण्याची चालही कोठें कोठें पडत आहे. मला एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, त्याच नांवाशेजारीं रंग चढविणाऱ्याचेंही नांव असावें. तो जुन्या रीतीनें रंगवो वा पुडीनें, धूपछांव त्याच्या हातांतूनच निघते.

आणि श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांच्या घरांत, आळींत किंवा गांवांत रंगारी, निळारी, भावसार अशा घराण्यांतलें कोणी वृद्ध माणूस असेल त्यांना माझी एक विनंती आहे. त्यांच्याजवळ बसा आणि चार गोष्टी विचारा: पाणी कोणतें घेत होतां, भांडें कशाचें होतें, रंग पक्का करण्यास काय घालीत होतां, आणि रंग झाला हें कशावरून ओळखीत होतां? उत्तरें त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि शक्य असेल तर त्यांच्यासमोर एक लहानसा तुकडा रंगवून पहा. शाळांतील शिक्षकबंधूंनीं मुलांकडून हें काम करवून घेतलें तर फारच उत्तम. परिसराचा इतिहास शिकविण्याचा ह्याहून सोपा पाठ मला ठाऊक नाहीं. मात्र फुलांचा हंगाम येईपर्यंत थांबूं नका. आज जें सांगतां येण्यासारखें आहे तें आजच विचारून घ्या.